ट्राम डेपोच्या आत: कुलाब्याच्या तबेल्यापासून नोनापुकुरच्या लेथपर्यंत

मेट्रो-३ च्या कारशेडवरून मुंबईत बरीच वर्षं वाद चालला. २०१९ मध्ये आरेतली झाडं पडली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली. त्या गदारोळात अनेकांच्या मनात एक साधा प्रश्न होता: रात्री गाड्या उभ्या करायला एवढी जागा कशाला लागते? स्टेशनातच उभ्या करून ठेवल्या तर काय बिघडेल?

या प्रश्नाचं उत्तर मेट्रोपेक्षा ट्रामच्या डेपोत लवकर सापडतं. ट्रामचं सगळं उघड्यावर असतं. रूळ रस्त्यात, तार डोक्यावर आणि डेपो भर वस्तीत. तिथे काय काय चालतं हे बघितलं, की गाड्या उभ्या करणं हे डेपोचं सर्वांत किरकोळ काम आहे हे ध्यानात येतं. माझं तर मत असं झालंय, की एखाद्या शहरातली ट्राम टिकणार की जाणार हे रस्त्यावरच्या गर्दीइतकंच तिच्या डेपोत ठरतं.

आधी तबेले होते

मुंबईत ९ मे १८७४ रोजी पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. कुलाबा ते पायधुणी हा एक मार्ग आणि बोरीबंदर ते पायधुणी हा दुसरा. सुरुवातीला भाडं तीन आणे होतं आणि तिकीट मिळत नसे. पुढे भाडं दोन आण्यांवर आलं आणि फुकट्या प्रवाशांना आळा बसावा म्हणून तिकिटंही आली. हा कारभार पाहणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज कंपनीची कचेरी कुलाबा कॉजवेवर होती, आज जिथे बेस्टचं इलेक्ट्रिक हाउस उभं आहे तिथे. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते.

९०० हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण हिशेब सरळ आहे. ट्रामचा डबा दिवसभर चालू शकतो, घोडा चालू शकत नाही. भरलेला डबा ओढणारी जोडी काही तासांत दमते. मग ती सोडायची, ताजी जोडी जुंपायची आणि डबा पुन्हा रस्त्यावर. म्हणजे प्रत्येक डब्यामागे घोड्यांच्या कितीतरी जोड्या पाळाव्या लागत. कोलकात्याचे आकडे हेच सांगतात. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा तिथल्या कंपनीकडे १६६ ट्रामगाड्या होत्या आणि घोडे होते १,०००. रूळ होते अवघे १९ मैल.

त्यामुळे त्या काळचा डेपो हा मुख्यतः तबेलाच असे. दाणावैरण, पाणी, नाल ठोकणारे, जनावरांचा डॉक्टर, लीद उचलणारे. खर्चाचा मोठा वाटा इथेच जाई. उन्हाळा कडक पडला किंवा जनावरांत साथ आली की रस्त्यावरच्या फेऱ्या कमी होत. महाराष्ट्रात नाशिकलाही नाशिकरोड स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम होती. तिचं गणितही याहून वेगळं नव्हतं.

वीज आली आणि डेपोचा कारखाना झाला

कोलकात्यात २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर मार्गावर विजेची ट्राम सुरू झाली. मद्रासमध्ये ती त्याआधीच, १८९५ मध्ये, आली होती. मुंबईत ७ मे १९०७ उजाडावं लागलं. मुंबईची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे ट्रामच्या निमित्ताने शहराचा वीजपुरवठाच उभा राहिला. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना विकत घेतली आणि वाडीबंदरला वीज केंद्र उभारलं. शहर भागात बसचं तिकीट आणि विजेचं बिल एकाच 'बेस्ट'कडून येतं त्याचं मूळ इथे आहे.

आता डेपोत घोडे नव्हते, पण माणसं कमी झाली नाहीत. त्यांच्या हातातलं काम तेवढं बदललं. ते काम कळण्यासाठी ट्राम चालते कशी हे थोडक्यात पाहू.

डोक्यावरच्या तारेत साधारण ५५० व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो, घरात असतो तसा उलटसुलट वाहणारा नव्हे. ट्रामच्या टपावरचा लांब दांडा स्प्रिंगच्या जोरावर त्या तारेला खालून चिकटलेला असतो. दांड्याच्या टोकाला खोबणीचं छोटं चाक किंवा कार्बनचा तुकडा बसवलेला जोडा. वीज तिथून खाली ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या कंट्रोलरमध्ये येते, मग मोटारींमध्ये जाते आणि चाकांतून रुळात उतरून रुळावाटेच उपकेंद्राकडे परत जाते. म्हणजे तार हा जायचा रस्ता आणि रूळ हा यायचा. रुळांचे तुकडे जिथे जोडलेले असतात तिथे तांब्याची जाड पट्टी लावावी लागते, ती यासाठीच. पट्टी तुटली तर वीज जमिनीत वाट शोधते आणि आसपासच्या पाण्याच्या लोखंडी नळांना गंज चढवते.

ड्रायव्हरचा कंट्रोलर म्हणजे पितळी मुठीचं एक उभं पिंप. मूठ एकेक खाच पुढे सरकते. सुरुवातीला दोन मोटारी एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा, २७५ व्होल्टचा दाब येतो आणि गाडी हळू निघते. वेग घेतल्यावर पुढच्या खाचांत त्याच मोटारी शेजारी शेजारी जोडल्या जातात आणि प्रत्येकीला पूर्ण ५५० व्होल्ट मिळतात. मधल्या खाचांवर प्रवाह रेझिस्टन्समधून जातो, तिथे विजेची नुसती उष्णता होते. चांगला ड्रायव्हर त्या खाचांवर रेंगाळत नाही. रेंगाळणाऱ्याच्या गाडीचे रेझिस्टन्स लवकर जळतात आणि कंट्रोलरच्या आतले तांब्याचे संपर्क काळे पडतात. रात्री डेपोतला फिटर झाकण उघडतो आणि गाडी कुणी कशी हाकली हे त्याला दिसतं.

रात्री काय होतं

शेवटच्या फेऱ्या संपत आल्या की गाड्या एकेक करून डेपोत शिरू लागतात. कंडक्टर रोकड आणि उरलेली तिकिटं जमा करतो. ड्रायव्हर गाडीतल्या तक्रारी लिहून देतो: ब्रेक उशिरा लागतो, घंटी वाजत नाही, वळणावर पुढचं चाक कर्रकर्र करतं. या नोंदीवर रात्रपाळीचं काम ठरतं. ड्रायव्हरने लिहायचं टाळलं, तर तीच गाडी उद्या गर्दीच्या चौकात बंद पडते.

मग गाडी पिटवर येते. पिट म्हणजे दोन रुळांच्या मधोमध खणलेला, पुरुषभर खोलीचा लांबच लांब खंदक. माणूस त्यात उतरतो आणि गाडीचं पोट त्याच्या डोक्यावर येतं. हातात दिवा घेऊन तो काय बघतो? ब्रेकचे बिडाचे ठोकळे किती झिजले. मोटारीतले कार्बनचे ब्रश किती उरले. दातेरी चाकांच्या डब्यातून तेल गळतंय का. गाडीच्या पुढच्या बाजूला, जमिनीलगत, लाकडी पट्ट्यांची एक जाळी असते. समोर कुणी आडवं पडलं तर ती खाली पडून त्या माणसाला चाकाखाली जाण्यापासून अडवते. ही जाळी मोकळी हलते की नाही हे हाताने हलवूनच बघावं लागतं. एरवी वर्षभर तिचा उपयोग नसतो, पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती अडकलेली असून चालत नाही.

चाकाचं काम सर्वांत नाजूक. ट्रामच्या चाकाला आतल्या बाजूने एक कडा असते. ती रुळाच्या खोबणीत चालते, तिच्यामुळे गाडी रुळावर राहते. वळणांवर घासून ही कडा पातळ होत जाते. ती किती उरली हे पत्र्याच्या मापाने मोजतात आणि मर्यादेखाली गेली की चाक काढतात. दुसरा दोष चपट्या डागाचा. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला, चाक फिरायचं थांबलं आणि गाडी तशीच घसरली, की चाकाचा तेवढाच भाग घासून सपाट होतो. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ती गाडी टक्-टक् वाजत जाते. प्रवाशाला हा फक्त आवाज वाटतो, पण प्रत्येक टक् हा रुळावर बसलेला हातोड्याचा घाव असतो. अशी चाकं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातणाऱ्या यंत्रावर, चढवून पुन्हा गोल करावी लागतात.

वाळूचं कामही रात्रीच. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्यात पावसाचा शिडकावा, म्हणजे घसरणं आलंच. म्हणून चाकापुढे नळी असते आणि ड्रायव्हरने कळ दाबली की वाळू रुळावर पडते. ही वाळू अगदी कोरडी हवी, नाहीतर नळीत गठ्ठा होतो. पावसाळ्यात डेपोत वाळू वाळवणं हे वेगळं कामच होऊन बसतं. तिचा अतिरेकही चालत नाही. चाक आणि रूळ यांच्यामध्ये वाळूचा जाड थर आला तर विजेचा परतीचा रस्ताच तुटतो.

आणि पूर. मुंबई काय, कोलकाता काय, दोन्ही शहरं पावसात तुंबणारी. ट्रामच्या मोटारी चाकांच्या आसाशी, जमिनीपासून वितीभर उंचीवर असतात. रस्त्यात गुडघाभर पाणी आलं की ट्राम थांबवावीच लागते. पाण्यात गेलेली मोटार नुसती पुसून चालत नाही. ती उघडायची, गरम हवेने सुकवायची, आतलं विजेचं आवरण शाबूत आहे का हे यंत्राने तपासायचं, मगच वीज सोडायची. एका रात्रीच्या पावसाने डेपोला कित्येक दिवसांचं काम लागतं.

टपावर चढून काम करताना दांडा आधी तारेवरून उतरवून दोरीने आकड्यात बांधतात. शिवाय डेपोतली वरची तार तुकड्यातुकड्यांत विभागलेली असते, म्हणजे एका रुळावरची वीज बंद करून शेजारच्या रुळावर गाडी हलवता येते. ५५० व्होल्टच्या खाली रोज रात्री काम करणाऱ्यांसाठी ही व्यवस्था जिवाची आहे.

कोणाच्या मागे कोण

आता त्या मोठ्या जागेच्या प्रश्नाकडे येऊ. सोसायटीच्या अरुंद बोळात एकामागे एक गाड्या लावल्या की आतल्याला बाहेर काढायला बाहेरच्या सगळ्यांना उठवावं लागतं, ते आपण पाहतोच. ट्रामच्या डेपोत ही अडचण रोजची असते, आणि तिथे गाडी जरा कडेला घेण्याचीही सोय नसते.

समजा डेपोत पाच रूळ आहेत आणि प्रत्येकावर चार ट्राम मावतात. सकाळी साडेचारला पहिली निघणार, मग दर काही मिनिटांनी पुढची. ज्या क्रमाने त्या सकाळी बाहेर पडायच्या, त्याच क्रमाने त्या रात्री रुळांवर लागायला हव्यात. पण रात्री गाड्या येतात त्या आपल्या फेरीच्या क्रमाने. त्यातल्या दोन पिटवर जायच्या असतात, एक धुवायची असते, एकीचं चाक काढायचं असतं. रात्रपाळीचा माणूस हे सगळं जुळवत बसतो. गाडी मागे-पुढे करतो, सांधेवाला लोखंडी पहारीने सांधा बदलतो, गाडी शेजारच्या रुळावर जाते. यासाठी एखादा रूळ कायम मोकळा ठेवावा लागतो. सगळे रूळ खच्चून भरले, तर हलवाहलवच बंद पडते.

पुढची गाडी पहाटे बिघडली तर तिच्यामागच्या तिन्ही अडकतात. म्हणून पहाटेच्या पहिल्या गाड्या आदल्या रात्रीच नीट तपासून घेतात आणि एकदोन गाड्या वेगळ्या रुळावर राखीव ठेवतात. कोलकात्याच्या बहुतेक ट्रामना ड्रायव्हरची जागा एकाच टोकाला असते. अशा गाडीला परत फिरायला रुळाचा पूर्ण वळसा लागतो. दोन्ही टोकांना कंट्रोलर असलेल्या गाडीत दांडा उलटा फिरवून भागतं. वळसा म्हटला की जागा आणखी वाढली. पंख्यासारखे पसरत जाणारे रूळ, प्रत्येक फाट्याला सांधा, वळसा, पिट, धुण्याची जागा, वाळूची खोली, तारा दुरुस्त करणाऱ्या शिडीच्या गाडीची जागा. हे सगळं धरलं की नुसत्या उभ्या गाड्यांना लागते त्याच्या कितीतरी पट जमीन होते. आणि ही जमीन शहरातच हवी. डेपो लांब असेल तर पहिल्या फेरीआधी आणि शेवटच्या फेरीनंतर गाडी रिकामी पळवावी लागते. त्यात वीज जाते, पाळीचे तास जातात, तिकीट एकही फाटत नाही.

जमिनीचा भाव

बसचं नेमकं इथेच फावलं. मुंबईत १५ जुलै १९२६ ला बस आली. तोवर डबलडेकर ट्रामही आल्या होत्या, १९२० मध्ये, आणि त्या भरभरून धावत होत्या. पण बसला रूळ नको, तार नको. रस्त्यावर मोटारी वाढल्या तसे ट्रामवर वाटेत आडवं येण्याचे आरोप झाले. खरं तर ट्रामच्या वाटेत मोटारी येत होत्या, कारण ट्राम तिथे आधीपासून होती. १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली आणि पुढची सतरा वर्षं ट्राम हळूहळू आखडत गेली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रूळ डांबराखाली गेले. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या नूतनीकरणासाठी खोदकाम झालं तेव्हा त्यातला एक तुकडा जसाच्या तसा वर आला.

मद्रासची ट्राम १९५३ मध्ये गेली, दिल्लीची १९६३ मध्ये. उरलं कोलकाता. तिथली कंपनी ब्रिटिश होती. १९६७ मध्ये राज्य सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि १९७६ मध्ये मालकी. १९९२ मध्ये याच ट्राम कंपनीने बस चालवायला सुरुवात केली, आणि त्या बसना जागा दिली ती राजाबाजारच्या ट्राम डेपोत. माझ्या मते ट्रामच्या उतरणीतलं हे सर्वांत निर्णायक पाऊल, जरी तेव्हा कुणाला ते तसं वाटलं नसेल. एकाच आवारात दोन वाहनं आली की पैसा, माणसं आणि जागा स्वस्त वाहनाकडे सरकतात. पुढे टॉलीगंज, बेलगाछिया अशा डेपोंच्या जमिनीचे भाग विकसकांना देण्यात आले. जमीन भर शहरातली, म्हणून मोलाची. ट्रामला ती लागत होती तीही भर शहरातली म्हणूनच.

डेपो आक्रसला की काय होतं ते वरच्या उदाहरणात बघा. पाचाचे तीन रूळ झाले की फक्त आठ गाड्या कमी होतात असं नाही. मोकळा रूळ जातो, म्हणून हलवाहलव जाते. राखीव गाडीची जागा जाते, म्हणून बिघाड झाला की फेरी रद्द होते. फेऱ्या बेभरवशाच्या झाल्या की प्रवासी बसकडे वळतात आणि मग प्रवासीच नाहीत असं कारण देत मार्ग बंद करता येतो. कागदावर मार्ग तोट्यामुळे बंद झालेला दिसतो, पण त्याची सुरुवात डेपोच्या कुंपणाच्या आत झालेली असते.

२०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळाने कोलकात्यात झाडं कोसळली आणि ट्रामच्या तारा तुटल्या. एस्प्लनेड–खिदिरपूर मार्ग तेव्हा जो थांबला तो पुन्हा सुरू झाला नाही. १९०२ मध्ये विजेची ट्राम ज्या मार्गावर पहिल्यांदा धावली, तोच हा मार्ग. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गडियाहाट डेपोच्या आवारात 'ट्राम वर्ल्ड' नावाचं संग्रहालय उघडलं. जुन्या गाड्या रंगरंगोटी करून तिथे ठेवल्या आहेत. त्या जपल्या गेल्या याचा आनंदच आहे, पण चालत्या डेपोची जागा प्रदर्शनाने घ्यावी हे मला फार लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं, की एस्प्लनेड ते मैदान एवढा छोटा तुकडा वारसा म्हणून ठेवायचा आणि बाकीची ट्राम बंद करायची. ट्रामप्रेमींनी कलकत्ता उच्च न्यायालयाचं दार त्याआधीच ठोठावलं होतं. ऐकायला तडजोड बरी वाटते. मैदानाच्या हिरवळीकडेने ट्राम धावेल, लोक फोटो काढतील. पण डेपोच्या नजरेतून बघितलं की वेगळाच प्रश्न उभा राहतो.

कोलकात्याच्या ट्रामचा मुख्य कारखाना नोनापुकुरला आहे. मोठी दुरुस्ती तिथेच होते, आख्ख्या गाड्यांचे सांगाडेही तिथे बांधले गेले आहेत. एस्प्लनेडहून तिथे जायचा रूळ म्हणजे गडियाहाटचा मार्ग, जो एस्प्लनेडहून निघून नोनापुकुर आणि पार्क सर्कसवरून जातो. वारसा म्हणून ठेवलेल्या ट्रामची चाकंही झिजणारच, त्यांच्या कडाही पातळ होणार, पाऊस झाला की मोटारी भिजणार. गडियाहाटचा मार्ग उखडला तर ती ट्राम लेथपर्यंत पोचवायला दर वेळी क्रेन आणि ट्रेलर मागवावा लागेल.